मृणालताई, तुझा पॅच अजून माझ्याकडे आहे

मृणालताई,

आपला बॉस नबील तुझा पॅच काढून टाकायला सांगतो आहे. पहिले वाक्य मुद्दाम असे कोरडे लिहिले. ओले लिहिले असते तर तू तिथेच थांबून म्हणाली असतीस, "मुद्द्यावर ये, अनघा." मुद्दा हाच आहे. तुझ्या खुर्चीच्या पाठीवर तुझी राखाडी शाल आहे, मगाच्या तळाशी आल्याचा तुकडा वाळला आहे, आणि ड्रायव्हरमध्ये तू केलेला बदल, ज्याला आपल्या कामात पॅच म्हणतात, माझ्या तपासणीसाठी उघडा पडला आहे. त्याच्या तळाशी एका ओळीची जागा रिकामी आहे. तिथे "तपासले" असे लिहून मी माझे नाव लावायचे होते. तू असताना मी ते लावले नाही, कारण मला तो पटला नव्हता. आता लावले तर ती दया ठरेल, आणि पॅच काढून टाकला तर तो माझा विजय ठरेल. मला यातले काहीच नको आहे. मला तू हवी आहेस, समोरच्या खुर्चीत, भांडायला.

हा मजकूर दुबईतल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकात छापला जाणार आहे. तुझ्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला आलेल्या बायका तो वाचतील, आणि तू दिवसभर काय करत होतीस हे त्यांतल्या कोणालाच ठाऊक नाही. "काहीतरी कॉम्प्युटरचं" एवढेच तू सगळ्यांना सांगायचीस. म्हणून आपले काम इथे समजावून सांगते. नाक मुरडायचे असेल तर मुरड.

रास अल खोरमध्ये फळांची शीतगृहे आहेत. त्यांतल्या काहींच्या गारव्यामागे अमोनिया असतो. तो गळला तर आत काम करणाऱ्या माणसाला फार वेळ मिळत नाही. आपण जो बॉक्स बनवतो त्यात एक चिप असते. तिला वास लागला की ती एक तार खाली ओढते, म्हणजे तारेतले व्होल्टेज उतरवते. प्रोसेसरला तो इशारा असतो: हातातले सोड, इकडे बघ. याला इंटरप्ट म्हणतात. मग ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो, चिपला काय झाले ते विचारतो आणि सायरन वाजवतो. एवढे सगळे पापणी लवायच्या आत.

अडचण अशी की आपल्या जुन्या बॉक्सचा बोर्ड एका जातीचा आहे आणि नव्याचा दुसऱ्या. जुन्यात कोणती तार कुठे जोडली आहे याचे वर्णन आपणच लिहून बोर्डासोबत देतो. त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. नव्यात तेच वर्णन मशीन बनवणाऱ्याने स्वतःच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रात आधीच बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये, तक्ते भरून ठेवलेले असते. त्याला एसीपीआय म्हणतात. दोन वेगळ्या भाषांतली दोन वर्णने, आणि तुला ड्रायव्हर मात्र एकच हवा होता. आपण कोणत्या बोर्डावर बसलो आहोत हे त्याला माहीतच नसावे. त्याने फक्त विचारावे: माझी तार कोणती, आणि ती कशी ऐकू?

"कशी ऐकू" यावरून आपण भांडलो.

ते भांडण सुरू झाले अबरात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, एका रविवारी. बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून तू मोगऱ्याचे गजरे घेतले होतेस, मीना बाजारात तुझ्या लेकीसाठी, ईशासाठी, परकर-पोलक्याचे कापड पाहून झाले होते आणि ती कंटाळून फोनमध्ये शिरली होती. खाडी ओलांडायला आपण अबरात बसलो. बाक भरल्याशिवाय होडी हलेना.

"हे बघ ताई," मी म्हणाले, "अबरावाल्याकडे दोन मार्ग आहेत. प्रत्येक माणूस चढतो तो क्षण पकडायचा आणि मोजत राहायचं, किंवा मोजायचंच नाही, बाक भरले आहेत का एवढंच बघायचं. पहिल्या मार्गात त्याने एकदा मान वळवली की हिशोब चुकला. दुसऱ्यात मान वळवली तरी बिघडत नाही, भरलेले बाक भरलेलेच दिसतात. आपली चिप तार खाली ओढते आणि कोणी दखल घेईपर्यंत धरून ठेवते. म्हणजे ड्रायव्हरने स्थिती बघायला हवी, क्षण नाही."

"उपमा नाश्त्याला," तू म्हणालीस. "आधी स्कोप लाव, मग बोल."

"पण बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. पण ते ड्रायव्हरने ठरवायचं नाही."

"मॉम, यू गाइज आर सो वीअर्ड," ईशा मान वर न करता म्हणाली, आणि तू तिच्या वेणीत गजरा खोचलास. तिने तो काढला नाही. मला ते अजून दिसते आहे.

मी मात्र हट्टाला पेटले. आपली पद्धत ठरलेली होती: वाद झाला की आधी स्कोपची, म्हणजे तारेतले व्होल्टेज पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची, सुई तारेला लावायची, पडद्यावर रेघ बघायची, आणि हरणारीने कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियातून करक चहा आणायचा. या वादात मात्र स्कोप निकाल देईना, कारण दोघींना रेघ एकच दिसत होती.

"नव्या बॉक्सच्या तक्त्यात 'क्षण' लिहिलंय," मी म्हणाले. "ते खोटं आहे. तुझा पॅच त्यावर विश्वास ठेवणार. एक क्षण हुकला की चिप तार धरून बसेल, ड्रायव्हर पुढच्या क्षणाची वाट बघेल, दोघंही गप्प. लॉगमध्ये नोंदीची एक ओळ येणार नाही, ताई. सायरन वाजणार नाही आणि चूकसुद्धा दिसणार नाही."

"मग तू काय करशील? ड्रायव्हरमध्येच लिहून टाकशील, 'तार खाली असेल तर ऐक' म्हणून?"

"हो."

"जुन्या बोर्डावर मधे एक चिप आहे, जी सिग्नल उलटा करते. तिथे तार वर गेली की धोका. तुझा ड्रायव्हर तिथे उलटं ऐकेल. अगं, तार आपल्या चिपची नाहीच, ती बोर्डाची आहे. जो बोर्ड बांधतो तोच सांगू शकतो."

"आणि त्याने खोटं सांगितलं तर?"

"तर त्याचा तक्ता दुरुस्त करून घ्यायचा. आपल्या ड्रायव्हरला खोटं पाठ करायला लावायचं नाही."

"तो मेलला उत्तर देत नाही! मी टायमर टाकते. दर सेकंदाला चिपला विचारत राहील, काय गं, आहे का काही?"

"म्हणजे बेल बिघडली म्हणून तू दर सेकंदाला दार उघडून बघणार."

"उपमा नाश्त्याला, ताई."

तू इतकी हसलीस की शालीचे टोक चहात बुडाले. मग डोळे पुसत म्हणालीस, "खाली तुझं नाव हवंय मला."

"पटल्याशिवाय लावणार नाही."

"पटल्याशिवाय लावलंस तर मीच तुला हाकलेन."

नोकरीत यापेक्षा मोठा मान मला कोणी दिलेला नाही. हे तुला सांगायचे राहिले. इतरांनी माझी घाई पाहिली, महत्त्वाकांक्षा पाहिली, "पोरगी तेज आहे" म्हटले. तू माझा नकार मोलाचा मानलास. पटल्यावरच होकार देईन, हे माझ्याबद्दल गृहीत धरणारी तू पहिली होतीस.

आणि मग तू गेलीस.

याबद्दल मला नीट लिहिता येत नाही. एका सकाळी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या तुझ्या घरी, शाळेची बस यायच्या आधी. त्याआधी काही आठवडे तू छातीवर हात ठेवून "अ‍ॅसिडिटी" म्हणत होतीस. रोज म्हणत होतीस, म्हणून कोणालाच त्यात नवीन काही वाटले नाही. आम्ही सगळे बदल घडायची वाट पाहत होतो. तुझी स्थिती आमच्या डोळ्यांसमोर होती, तशीच, धरून ठेवलेली...

मला माहीत आहे. उपमा नाश्त्याला. पण ताई, आता स्कोप कुठे लावू? कोणत्या तारेला? डॉक्टर म्हणाले, असे होते. ईशाचे बाबा, प्रसाददादा, म्हणाले, तिने स्वतःच दुर्लक्ष केले. ही दोन्ही वाक्ये मी शंभरदा तपासली आणि त्यांतून माझ्या हाती काही लागत नाही. माझे सगळे शिक्षण कारण शोधण्याचे आहे. कारण सापडले की दुरुस्ती करता येते, असे मी समजत आले. इथे कारण सापडले आहे, कागदावर डॉक्टरांच्या सहीने लिहिलेले आहे, आणि दुरुस्ती नाही. मग ते सापडून उपयोग काय?

तुला पुण्याला न्यायचे होते. त्याआधी तुझा व्हिसा रद्द व्हावा लागतो हे मला माहीत नव्हते. प्रसाददादा व्हिसा कार्यालयाच्या खिडकीसमोर उभे होते, हातात तुझा पासपोर्ट, आणि आतला माणूस अतिशय आदराने त्यांना विचारत होता, "कॅन्सल?" दादा पासपोर्टची पाने उलटत राहिले. मी "येस" म्हणाले. तुझ्यासाठी मी पटकन दिलेला तो एकच होकार.

घरी ईशा सोफ्यावर बसून होती. मी तिच्याजवळ बसले. काहीतरी बोलायला हवे म्हणून तोंड उघडले.

"इट्स ओके, मावशी," ती म्हणाली. "यू डोन्ट हॅव टु से एनिथिंग." आणि मग, मराठीत, जी ती एरवी बोलत नाही: "आईची शाल ऑफिसमध्ये आहे का?"

मी हो म्हणाले. देईन म्हणाले. अजून दिलेली नाही. ती शाल खुर्चीवरून उचलली की खुर्ची कोणालाही देता येईल.

नबीलला दोष देता येत नाही. तो जॉर्डनचा, बोलायला मोकळा, आणि तू गेलीस त्या दिवशी त्याने सगळ्यांना घरी पाठवून स्वतः कार्यशाळेला कुलूप लावले. पण नवे बॉक्स ठरल्या वेळी द्यायचे आहेत. परवा तो माझ्या टेबलाशी आला.

"हबीबती, लिसन. तुझा टायमर टाक, तिचा पॅच काढ, खलास. इट वॉज युअर आयडिया, नो?"

"हो, माझीच."

"सो यू वर राइट. प्रॉब्लेम काय?"

प्रॉब्लेम काय, हे त्याला कसे सांगू? मी बरोबर ठरले आहे, कारण विरुद्ध बाजूची खुर्ची रिकामी आहे. हा निकाल मला मान्य नाही. मी त्याला म्हणाले, शीतगृहात एकदा चाचणी करू दे. मग तू म्हणशील ते. त्याने तुझ्या खुर्चीकडे पाहिले. "यल्ला, चल," म्हणाला. "वन टेस्ट."

त्याच संध्याकाळी मी हे पत्र लिहायला घेतले. काल रास अल खोरला गेले. संत्र्यांच्या पेट्यांची थप्पी, दारावर जाड प्लॅस्टिकचे पडदे, आणि आत तिथे काम करणारे ते चिपळूणचे सुर्वे, कानटोपी घालून. तू त्यांना प्रत्येक वेळी गावाकडची खबर विचारायचीस.

"मोठ्या मॅडम नाय आल्या?" त्यांनी विचारले. "गावाला गेल्यात काय?"

"हो," मी म्हणाले. मग म्हणाले, "नाही. सुर्वेकाका, त्या गेल्या."

त्यांना आधी कळले नाही. कळल्यावर त्यांनी कानटोपी काढली आणि त्या थंडीत तशीच हातात धरून उभे राहिले. मग भिंतीवरच्या आपल्या बॉक्सकडे पाहून म्हणाले, "पण हा वाजंल ना, मॅडम? त्या म्हणाल्या होत्या, वाजंल म्हणून."

"तेच बघायला आलेय."

मी चाचणीच्या वायूची छोटी टाकी उघडली, स्कोपची सुई लावली. नव्या बॉक्सवर तुझा पॅच, जसाच्या तसा. पहिल्यांदा सायरन वाजला. दुसऱ्यांदाही. मग मी मुद्दाम एकामागोमाग एक असे दोन झोत दिले. ड्रायव्हर पहिल्याची दखल घेत असतानाच दुसरा आला, तार खालीच राहिली, आणि सगळे शांत झाले. पडद्यावर पिवळी रेघ तळाशी सरळ. चिप ओरडत होती आणि कोणाला ऐकू येत नव्हते. लॉग कोरा. मी म्हणाले होते ना, ताई? अगदी असेच म्हणाले होते. त्या थंड खोलीत मी बरोबर होते, आणि आयुष्यात इतके असहाय मला कधी वाटले नव्हते.

मग तू सांगितलेले केले. ड्रायव्हरला हात लावला नाही. बनवणाऱ्याच्या तक्त्याची दुरुस्त प्रत तयार केली, "क्षण" खोडून "स्थिती" केले, आणि मशीन सुरू होताना जुन्याऐवजी हा तक्ता वाचला जाईल अशी सोय केली. पुन्हा दोन झोत. सायरन वाजला. पुन्हा पुन्हा दिले, वाजत राहिला. सुर्वे कानावर हात ठेवून हसत होते. नंतर शेजारच्या खोलीतला जुना बॉक्स, तोच ड्रायव्हर, एक अक्षर न बदलता. तोही वाजला.

तार बोर्डाची आहे. पटले, ताई. टायमरची गरज नाही. मी हरले.

करक चहा आणायला मी खरेच कॅफेटेरियापर्यंत गेले. गाडी उभी केली, चहावाल्या पोऱ्याला गाडीशी बोलावणारा हॉर्न वाजवला नाही, परत आले.

दुरुस्त केलेला तक्ता मी बनवणाऱ्याला पाठवला, तुझ्याच जुन्या मेलला जोडून. इतके आठवडे मुक्या असलेल्या त्या माणसाचे उत्तर आज सकाळी आले. चूक मान्य आहे, पुढच्या फर्मवेअरमध्ये दुरुस्ती येईल, तुमच्या चिकाटीबद्दल आभार. वर लिहिले होते: "डिअर मृणाल." मी ते बंद केले आणि स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिले. आता उत्तर देतो? आता?

यानंतर फक्त नाव लावायचे उरले होते. पण पटल्याशिवाय नाही, आणि पटल्यावरही वाचल्याशिवाय नाही. म्हणून आज दुपारी मी तुझा पॅच पहिल्या ओळीपासून वाचला. दयेने नाही, तुझ्यासमोर वाचला असता तसाच, खुसपटे काढत. आणि एक चूक सापडली.

ड्रायव्हर विचारतो, माझी तार कोणती? त्यावर तीन प्रकारची उत्तरे येऊ शकतात. एक, ही घे तार. दुसरे, नाही, तुला तार दिलेलीच नाही. आणि तिसरे, अजून नाही: तार सांभाळणारा भाग अजून उठलेला नाही, थोड्या वेळाने ये. तू दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तराला सारखेच वागवले होतेस. "अजून नाही" ऐकल्यावरही तुझा ड्रायव्हर "नाही" समजून कायमचा निघून जायचा. जुन्या बॉक्सवर, ते भाग मागेपुढे जागे झाले की, असे कधीतरी घडलेच असते. मी असे मुद्दाम घडवून पाहिले. घडले.

माझा पहिला विचार काय होता सांगू? वळून तुला सांगायचा. "ताई, सापडली!" मी खुर्ची फिरवलीसुद्धा. शाल होती.

चूक दोन ओळींची आहे. तपासणारीने दाखवायची आणि लिहिणारीने सुधारायची, ही आपली रीत. लिहिणारी नाही, म्हणून मी सुधारली. पण मग तुझाच दुसरा नियम आडवा आला: ज्याने पॅचला हात लावला, त्याने "तपासले" म्हणून नाव लावायचे नाही. स्वतःच्या कामाला कोणी स्वतः पास करत नाही. तेव्हा ती ओळ, जिथे तुला माझे नाव हवे होते, ती मला आता कधीच भरता येणार नाही. मला पटले, ताई, पूर्ण पटले, आणि नेमक्या त्याच कारणाने मी तुला ते देऊ शकत नाही. इतका वेडावाकडा न्याय तुलाच सुचला असता.

तपासणीची ओळ नबीलने भरली. एके काळी तोही ड्रायव्हर लिहायचा, हे मी विसरले होते. त्याने सगळे वाचले, पडद्यावर तुझ्या नावाशी क्षणभर थांबला, आणि स्वतःचे नाव टाइप केले. "शी वुड हॅव किल्ड मी फॉर दॅट टायमर," म्हणाला.

पॅच तुझ्या नावाने जातो आहे. लिहिणारी, मृणाल. त्याच्या खाली, दुसऱ्याच्या कामात काय बदलले ते सांगण्यासाठी असतो तो चौकोनी कंस, त्यात माझी एकच ओळ: "अनघा: 'अजून नाही' आणि 'नाही' ही उत्तरे वेगळी केली." ड्रायव्हर आता शहाणा झाला आहे. "अजून नाही" म्हटले की पुन्हा येऊन विचारतो. "नाही" म्हटले की थांबतो.

मी हे काम संपवून तुझ्या खुर्चीकडे पाहिले. मला उत्तर मिळाले आहे, ताई. विमानतळाच्या मालवाहू दारातून तुला आत नेले तेव्हाच मिळाले. ते 'अजून नाही' नव्हे, 'नाही' आहे, हे मला नीट वाचता येते. तरी मी पुन्हा येऊन विचारते आहे.